बारीक दाण्याच्या पट्ट्या

१४ फेब्रुवारी १९४३, रविवार

आज ह्यांनी गौराला दुकानात बसवलं.

दुकान म्हणजे आमच्या खालापूरच्या घराची पुढची पडवी. तिथं ऐरण, सोनं तापवायची शेगडी म्हणजे बागेसरी, आणि ह्यांचा पाट. त्या पडवीत बाईमाणसाची जागा एकच, खिडकीखालची, आणि ती माझी. सासूबाईंनी मला तिथं बसवलं तेव्हा मला धड लुगडं नेसता येत नव्हतं. दागिना घडवतात हे. पण कानशीचे ओरखडे घालवून त्याला आरशासारखं करायचं ते घासपट्ट्यांनी, आणि घासपट्ट्या करते मी. वीतभर लाकडाची पट्टी, तिला काचकागद घट्ट गुंडाळलेला. ऐकायला एवढंच. पण कागद सैल राहिला की दागिन्याची कड बोथट होते, आणि दाणा चुकला की सोन्यावर रेघ उठते.

गौरा ही माझी धाकटी जाऊ, सदूभावोजींची बायको. तुळशीचं लग्न झाल्यावर लग्न होऊन आली. माहेर कर्जतचं, बापही सोनारच. जेवताना हे सहज बोलल्यासारखं म्हणाले, "गौरालाबी बसव जरा तुझ्यापाशी. तिचा हात बसंल."

मी म्हटलं, "का? माझे हात कुठं गेले?"

हे भाकरी मोडत राहिले. म्हणजे ठरलेलंच होतं.

मुंबईच्या सराफानं ह्यांना दिलेली ही रोजनिशी कोरीच पडली होती. लेक उरणला दिल्यापासून घरात मनातलं बोलायला कोणी नाही. म्हणून हिच्यात लिहिते.

१७ फेब्रुवारी

गौराची पट्टी करण्याची तऱ्हा आज पाहिली. लाकडावर कागद ठेवते आणि जिथं कोपरा येणार तिथं कागदाच्या पाठीवर सुईनं रेघ ओढते. मग दुमडते. मी म्हटलं, "अगं, कागद फाटंल." ती म्हणाली, "नाय फाटत, जाऊबाई. कोपरा धारेसारखा येतो. आमचे बाबा असंच करतात."

आमचे बाबा! सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे मी अंगठ्याच्या नखानं दुमड घालते. त्याच पट्ट्यांवर या घराचं नाव झालं.

एक मात्र तिला येत नाही. लाकूड. तिनं बांबू घेतला होता. बांबू हातात लवतो आणि मधे जास्त घासलं जातं. सागवान जड, मनगट भरून येतं. शिवणीचं लाकूड घ्यावं, हलकं आणि सरळ रेषेचं. ते मी तिला सांगितलं नाही. तिचं तिला कळेल.

पण ह्यांनी संध्याकाळी तिची बांबूची पट्टी उचलली, कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा." माझ्या पट्टीला 'वा' म्हटल्याचं मला आठवत नाही.

२६ फेब्रुवारी

साजगावच्या भिवाजी पाटलांची भागूबाई आली होती. वैशाखात तिच्या मुलीचं लग्न. हातातले जुने गोठ मोडून चार पाटल्या करायच्या.

"नक्षी नको गं बाई," ती म्हणाली. "व्याही मुंबईला ऱ्हातात. तिकडं म्हणं साध्या रुंद पाटल्या घालतात. अशा गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं."

हे म्हणाले, "दिसंल."

"नाय दिसलं तर सांगून ठेवते हिरामणशेठ, पुढच्या खेपंला मी पनवेल गाठीन. आन माझ्यामागून सगळं साजगाव."

ती हसत बोलली, पण ती बोलते ते करते. नक्षीच्या दागिन्यात लहानसहान ओरखडा लपून जातो. साध्या पाटलीत काही लपत नाही. शिवाय लढाईमुळे काचकागद मिळेनासा झाला आहे. खोपोलीचे याकूबभाई मुंबईहून अधूनमधून आणतात तेवढाच. ह्यांनी त्यांच्याकडचा शिल्लक होता तो सगळा आणला. जाडा, मधला, बारीक आणि अगदी बारीक. पाठीवर आकडे छापलेले असतात, पण तेही आता शाई वाचवून छापतात वाटतं, काही उमटत नाहीत. माझं त्यावाचून अडत नाही. मी अंगठ्यानं दाणा ओळखते.

शिवणीच्या फांद्या मीच पारखून घेतल्या. भावोजींनी रंधून दिल्या. सपाट, अर्धगोल आणि निमुळत्या गोल अशा तीन तऱ्हा. पट्ट्या दोघींनी करायच्या असं हे म्हणाले. दोघींनी.

५ मार्च

लिहू की नको असं झालं आहे.

सकाळी विहिरीवरून लौकर परतले, कारण पोहरा तुटला. पडवीच्या दारात आले तर गौरा ह्यांच्यासमोर उभी. धाकट्या भावाच्या बायकोनं मोठ्या दिराशी समोरासमोर बोलू नये, ही रीत आमच्यात अजून आहे. मी तर सासरे असेपर्यंत भिंतीआडून बोलायची. ही डोक्यावर पदर घेऊन, पण समोर उभी राहून हळू आवाजात काही सांगत होती आणि हे वाकून ऐकत होते. माझी चाहूल लागताच दोघं गप्प.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काय नाय," हे म्हणाले. "कागद पुरंल का ते विचारत होती."

कागदाचं मला विचारायचं की ह्यांना? आणि एवढ्या हळू?

ती विशीचीसुद्धा नाही. गाल भरलेले. मी आज पितळी डबा उजेडात धरून त्यात माझं तोंड पाहिलं. जवळ धरलं की सगळं पुसट, लांब धरलं की बरं. लांबूनच बरी दिसते आता मी.

९ मार्च

तीन दिवस गौराशी बोलले नाही. ती 'जाऊबाई, जाऊबाई' करत मागे येते. आज माझ्या हातातून तांदळाचं सूप ओढून घ्यायला लागली, "मी निवडते, तुमी बसा." तांदूळ निवडणं, पट्ट्या करणं, उद्या म्हणेल चूल तुम्ही सोडा.

सूप दिलं नाही. दुपारी जेवताना ह्यांनी तोंडातून खडा काढून ताटाखाली लपवला. मी बघितला. मग अजून एक. लढाईमुळे तांदूळच असा मिळतो, त्याला मी काय करणार? भावोजी कुरकुरले तर ह्यांनी त्यांच्याकडे डोळे वटारले.

माझ्या बाजूनं बोलले म्हणून बरं वाटलं. पण लगेच मनात आलं, पाप असतं तेव्हाच माणूस बायकोची बाजू एवढी घेतो.

१३ मार्च

विहिरीवर शेजारच्या सोनाबाईशी बोलले. नावं घेतली नाहीत. ती म्हणाली, "तरणी बाई घरात आली की थोरलीनं डोळं उघडं ठेवावं." म्हणजे हे मला एकटीला दिसत नाही.

आता मुद्दाम घागर अर्धीच भरते आणि परतते. दोनदा गौरा माझ्या जागेवर, खिडकीखाली बसलेली सापडली. माझ्या पट्ट्यांचा पेटारा पुढ्यात. मी आले की उठते. मी पेटारा तपासला, काही कमी नव्हतं. मग काय करत होती? माझ्या पट्ट्या बघून शिकत असेल, नाहीतर त्यांत खोट काढून ह्यांना दाखवत असेल.

हल्ली एका दिवसाचं लिहिणं एका पानात मावत नाही. पूर्वी हिशेबाच्या पानावर मी मुंगीसारखं लिहायची. मन भरलं की अक्षर मोठं होत असावं.

१८ मार्च, गुरुवार

जे व्हायला नको ते झालं.

पहिली पाटली पुरी होत आली होती. जाडा, मधला, बारीक असे सगळे हात झाले, शेवटचा अगदी बारीक दाण्याचा चालला होता. आणि पाटलीच्या मधोमध रेघा उठल्या. एक नाही, पाचसहा. लांबून मलाही दिसल्या. ह्यांनी पट्टी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. आता परत मधल्या दाण्यापासून सुरुवात. सोनं झिजणार आणि कागदही.

"ही पट्टी कोणाची?" मी विचारलं.

गौरा दारात उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं.

"बोल ना गं," मी म्हटलं. "कोणाची?"

ती म्हणाली, "माझी असंल, जाऊबाई."

असेल! मग मी सोडली नाही. बापाकडून हेच शिकलीस का, पाटलीण पनवेलला गेली तर तुझा बाप आम्हाला पोसणार का, सगळं बोलले. भावोजी बाहेरून आले आणि त्यांनी शेवटचं ऐकलं. ह्यांनी एवढंच म्हटलं, "पुरे." कोणाला म्हटलं ते कळलं नाही. मी ते तिलाच म्हटलं असं धरलं.

२० मार्च

भावोजी आज माझ्याशी पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलले. "वैनी, तिचा बाप काढायचं काम नव्हतं. मुंबईला माझा मित्र हाय. शिमगा झाला की मी गौराला घेऊन जातो."

हे म्हणाले, "सदू, कुठं नाय जायचं."

"तुमी सांगा मग खरं काय ते!"

"सदू!"

खरं काय? मी दोघांकडे पाहिलं. भावोजी पाय आपटत गेले. म्हणजे भावोजींनाही ठाऊक आहे! ज्याची बायको त्यालाही ठाऊक, आणि तो माझ्यावर चिडतो. मला एकटीला मूर्ख बनवलं आहे सगळ्यांनी मिळून. आज जेवले नाही. कोणी आग्रहही केला नाही, फक्त गौरा ताट घेऊन आली. मी ताट तसंच परत पाठवलं.

२३ मार्च, मंगळवार

पाटल्या परवा द्यायच्या. तीन झाल्या, चौथीचा शेवटचा हात उरला आहे.

आज हे पट्ट्यांचं नवं तबक घेऊन बसले होते आणि त्यात सगळ्या पट्ट्या गौराच्या. माझी एक नाही. माझा पेटारा कोपऱ्यात, झाकण लावून. पाणी तापवायला न्हाणीत गेले. परत आले तेव्हा हे बाहेर कोणाशी बोलत होते. तबक पाटावर होतं.

मी ते उचललं आणि न्हाणीच्या चुलाणात ओतलं.

शिवणीचं लाकूड चटकन पेटतं. कागदावरचा सरस वितळून दुर्गंधी सुटली. वापरलेला काचकागद आम्ही कधी फेकत नाही, त्यात सोन्याचा कीस असतो, वर्षातून एकदा जाळून राख धुतो. मला ते ठाऊक असून मी ओतलं. सगळं जळेपर्यंत उभी राहिले. वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. बरं वाटलं.

२४ मार्च

काल लिहिलं ते पान फाडणार होते. राहू दे.

सकाळी हे चौथी पाटली घेऊन बसले. तबक शोधलं. मग माझ्याकडे पाहिलं. "पट्ट्या कुठं हायत?"

"माझा पेटारा आहे ना."

"गौराच्या कुठं हायत, ते विचारतोय."

"चुलाणात."

ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. उठले, माझा पेटारा आणला, उघडला आणि त्यातल्या दोन पट्ट्या माझ्या हातात दिल्या. "ही कुठल्या दाण्याची?"

मी अंगठा फिरवला. "अगदी बारीक."

"आन ही?"

"मधली."

ह्यांनी माझ्या डोळ्यांदेखत दोन्हींचे कागद सोडवले. जो मी अगदी बारीक म्हटला तो उजेडाला धरला आणि पाठीवरचा आकडा मोठ्यानं वाचला. तो मधल्याचा होता. दुसरा अगदी बारीक.

"उलटं हाय, विमल," हे म्हणाले.

ह्यांनी मला नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. मी खाली बसले.

मग हे हळूहळू बोलले. दिवाळीपासून असं चाललं आहे. पहिल्यांदा वाटलं, एखादी चूक. मग रोजच. तुला जवळचं दिसेनासं झालंय, आणि अंगठ्याची कातडी इतक्या वर्षांत घासून गेलीय. म्हणून गौराला बसवली. तू विहिरीवर गेलीस की ती तुझा पेटारा बघायची, चुकलेल्या पट्ट्यांवर बरोबर कागद चढवून परत तुझ्या पेटाऱ्यात ठेवायची. हल्ली तू विहिरीवरून लौकर यायला लागलीस, तिला बघायला वेळ मिळाला नाय, आणि ती पट्टी तशीच राहिली.

"पण ती तर म्हणाली, तिची होती."

"मीच सांगितलं होतं तिला. तुला कळू देऊ नको म्हणून."

"मला का नाय सांगितलं?" मी विचारलं. रडू येत नव्हतं, रागच येत होता. "तिच्याशी कुजबुज करता आली, सदूभावोजींना सांगता आलं, आणि मला नाय?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "तुझ्याजवळ ह्या घरात तेवढंच तुझं म्हणून हाय. ते कसं काढून घेऊ?"

आणि मी काय काय समजले होते! ते मी ह्यांना सांगितलं नाही. इथंही लिहिणार नाही.

नवा कागद घरात उरला नव्हता. गौरा आली, काही न विचारता बसली आणि माझ्या सगळ्या पट्ट्या सोडवायला लागली. मी कागद दोनतीन वेढे गुंडाळते, त्यामुळे आतला वेढा कोराच असतो. तिनं पाठीवरचे आकडे वाचून कागद वेगळे केले आणि नव्यानं गुंडाळले. मी शिवणीच्या पट्ट्या पुसून देत होते आणि टोकाला दोरा आवळत होते. दुपारपर्यंत आठ पट्ट्या झाल्या. तिच्या बोटांची टोकं काचकागदानं सोलून लाल झालेली मला तेव्हा दिसली, कारण दोरा आवळताना तिनं हात लांब धरला होता.

२५ मार्च

भागूबाई आली. पाटल्या रिठ्याच्या पाण्यात धुऊन, उजाळा देऊन मखमलीवर ठेवल्या होत्या. तिनं एक उचलली, खिडकीशी नेली, फिरवली. मग आपली नथ त्यात बघून सरळ केली.

"आई गं!" ती म्हणाली. "दिसतंय की तोंड! विमलबाई, तुमच्या हाताची सर नाय कुणाला. उगाच नाय मी इतकी वर्सं हितं येत."

गौरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "बसा ना. च्या घेता?"

२६ मार्च

भावोजींची ट्रंक बाहेर काढलेली दिसली. मी गौराकडे गेले. काय बोलावं ते ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालं, "मुंबईत पाणी नळाचं असतं म्हणे."

ती म्हणाली, "हो, जाऊबाई."

"इथली विहीर बरी. नको जाऊस."

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुमी त्यांना सांगा. माझं नाय ऐकत."

भावोजींपुढे जाऊन उभं राहणं पट्ट्या जाळण्यापेक्षा कठीण गेलं. मी म्हटलं, "भावोजी, तिच्या बापाला बोलले ते मी परत घेते." ते बराच वेळ ट्रंकेची कडी उघडझाप करत राहिले. मग ट्रंक आत नेली.

२९ मार्च, सोमवार

हे मला बैलगाडीनं खोपोलीला याकूबभाईंच्या दुकानात घेऊन गेले. खिळे, दोऱ्या, कंदिलाच्या काचा, आणि फळीवर एका खोक्यात चष्मे. माझी मान वर होईना. याकूबभाई म्हणाले, "वैनी, चाळिशी म्हणतात ती उगाच नाही. माझ्या आईनं तर दोन मोडले. एकेक लावून बघा."

तिसरा बरोबर लागला. नुकता आलेला काचकागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यावरचा दाणा न् दाणा वेगळा दिसला, उन्हातल्या रेतीसारखा. पाठीवरचे आकडे ठसठशीत होते. शाई कोणी वाचवलेली नव्हती.

घरी येऊन पहिलं काम केलं ते हे. त्या दिवशी केलेल्या आठांतली गौराची एक पट्टी घेतली. आणि ह्यांच्या खणात माझी एक जुनी पट्टी होती, माझी नजर लख्ख असतानाची, अंगठीच्या आतून फिरवायला त्यांनी जपून ठेवलेली. दोन्ही शेजारी धरल्या. मनात धरून होते की डोळ्यांचा दोष निघाला की माझं काम माझं मला परत मिळेल.

तिचा कोपरा धारेसारखा होता. माझा तेव्हाही किंचित गोल होता. ती माझ्यापेक्षा चांगली करते. माझ्या चांगल्या दिवसांपेक्षाही. मत्सर गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी तो नसलेल्या गोष्टीचा होता, आता असलेल्या गोष्टीचा आहे.

३० मार्च

सकाळी खिडकीखालची चटई मी गौराला दिली.

"मग तुमी कुठं बसणार?" तिनं विचारलं.

"तुझ्यासमोर. ती सुईची रेघ कशी ओढतेस ते दाखव. आणि बांबू घेऊ नकोस, लवतो. शिवण घे."

तिनं कागद पालथा घातला आणि सुई माझ्या हातात दिली. हे पाटावरून बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. मी चष्मा नाकावर नीट बसवला आणि रेघ ओढली.

गौरा वाकली. एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाकडी गेली, जाऊबाई," ती म्हणाली. "परत मारा."

मला राग आला. मी परत मारली.